नी आर्थ्रोस्कोपीचा देशी सेट: काय जसेच्या तसे घ्यावे, काय मोजून घ्यावे, काय बदलून मागावे

गुडघ्याच्या दुर्बिणीतून होणाऱ्या शस्त्रक्रियेच्या अवजारांसाठी सर्जिकल डीलरच्या कोटेशनमध्ये ‘नी आर्थ्रोस्कोपी इन्स्ट्रुमेंट सेट’ अशी एकच ओळ असते आणि तिच्यासमोर एकच किंमत. त्या ओळीत प्रोब, चार-पाच बास्केट पंच, ग्रास्पर, कात्री, स्विचिंग रॉड, मायक्रोफ्रॅक्चरचे ऑल, एसीएल या गुडघ्यातल्या लिगामेंटच्या पुनर्बांधणीचे टिबियल जिग, फीमोरल ऑफसेट गाइड, रीमर, टेंडन स्ट्रिपर, ग्राफ्ट (एसीएलच्या जागी बसवायचा टेंडन) मोजण्याचा ब्लॉक असे वीसेक नग तरी कोंबलेले असतात. बाहेरून सगळे सारखेच चकचकीत दिसतात. आतून त्यांच्यात मोठा फरक असतो, आणि तो गुडघ्याच्या आत गेल्यावर कळणे पेशंटला परवडणारे नाही. म्हणून हा आढावा नगानुसार आहे. स्कोप (दुर्बीण), कॅमेरा, लाइट सोर्स आणि पंप यांचा विचार इथे केलेला नाही. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी नवीन ओटी (ऑपरेशन थिएटर) उभी करणाऱ्या सर्जनने आणि ओटी इनचार्ज सिस्टरने डीलरसमोर बसताना हाताशी ठेवावा, असा हा मजकूर आहे.

निकाल आधी सांगतो. प्रोब, स्विचिंग रॉड आणि ग्राफ्ट बोर्ड देशी घ्या, काही बिघडत नाही. जिग, रीमर आणि सायझिंग ब्लॉक देशी चालतात, पण मोजून घेतल्याशिवाय नाही. बास्केट पंचमध्ये जितके पैसे टाकता येतील तितके टाका. शीथ (स्कोपवरची नळी) आणि ऑब्ट्युरेटर (ती सांध्यात घालताना आत बसवायची सळई) स्कोपच्याच कंपनीचे घ्या, तिथे तडजोड नको. शेव्हरचे, म्हणजे ऊती कापून शोषून घेणाऱ्या यंत्राचे, ब्लेड एकदाच वापरा.

पंच: सगळा जीव एका पिनेत

बास्केट पंचची रचना साधी आहे. खालचा जबडा दांड्याशी पक्का असतो आणि त्याचा तळ मोकळा असतो, म्हणजे कापलेला मेनिस्कसचा (गुडघ्यातल्या गादीचा) तुकडा खाली पडून पाण्याबरोबर बाहेर निघून जातो. वरचा जबडा एका बारीक पिनेवर फिरतो आणि दांड्याच्या आतली सळई त्याला ओढते किंवा ढकलते. मुठीवर टाकलेला सगळा जोर शेवटी त्या पिनेवर आणि सळईच्या टोकावर येतो. पिनेची जाडी मिलिमीटरच्या आसपास, कित्येकदा त्याहूनही कमी. स्वस्त पंच इथेच मरतो.

पिन तुटण्याची कारणे ठरलेली आहेत. पंचने मेनिस्कस कापायचा असतो, ओढायचा नसतो. तुकडा अर्धवट कापला गेला की जबडा बंद ठेवून मनगट पिळायची सवय अनेकांना असते, आणि त्या पिळण्याने जबड्यावर आडवा जोर येतो, जो सोसण्यासाठी ही बिजागरी बनवलेलीच नाही. दुसरे कारण म्हणजे हाडाचा काठ किंवा ऑस्टिओफाइट (हाडाची जास्तीची वाढ) पंचने चावणे. त्यासाठी बर (हाड घासणारे फिरते टोक) आहे, ऑस्टिओटोम (हाडाची छिन्नी) आहे. तिसरे कारण, सुई किंवा अँकर यांसारखा धातू चुकून जबड्यात येणे. चांगल्या पंचमध्ये मुठीत अतिभार सोसणारी सोय असते: जोर मर्यादेबाहेर गेला की मुठीतली स्प्रिंग दबते किंवा मुठीतला कमकुवत ठेवलेला भाग तुटतो, म्हणजे मोडतोड होते ती सांध्याच्या बाहेर. डीलरला थेट विचारा, ही सोय आहे का. उत्तर गुळमुळीत आले तर ‘नाही’ असे समजा.

घेताना चार गोष्टी टेबलावरच तपासता येतात. पहिली, चुंबक. कापणारा जबडा कडक करता येणाऱ्या मार्टेन्सिटिक स्टीलचा, उदाहरणार्थ ४२० ग्रेडचा, हवा, आणि हे स्टील चुंबकाला चिकटते. ३०४ सारखे ऑस्टेनिटिक स्टील फारसे चिकटत नाही, गंज कमी धरते, पण उष्णता देऊन ते कडक करता येत नाही, त्यामुळे त्याची धार टिकत नाही. दांडा चिकटला नाही तरी चालेल. जबडा चिकटला नाही तर तो पंच परत करा. याचा आणखी एक उपयोग आहे: जबडा सांध्यात तुटलाच तर चुंबकी रिट्रीव्हरने तो उचलता येतो. दुसरी, कागद. व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीचा कागद टोकाने चावा. तुकडा स्वच्छ सुटला पाहिजे. कडेला धागे लोंबकळत राहिले तर वरचा आणि खालचा जबडा नीट जुळत नाही, आणि असा पंच मेनिस्कस कापणार नाही, चघळेल. तिसरी, खेळ. जबडा बंद करून दोन बोटांनी डावीकडे-उजवीकडे हलवून बघा. नवा असतानाच हलत असेल तर तो फार दिवस टिकत नाही. चौथी, उंची. बंद जबडा बाजूने बघा. गुडघ्याच्या आतल्या कप्प्यात, मेनिस्कसच्या मागच्या हॉर्नपर्यंत (टोकापर्यंत) पोचताना फीमरचा (मांडीच्या हाडाचा) कॉन्डाइल, म्हणजे खालचा गोल भाग, आणि टिबिया (नडगीचे हाड) यांच्यातली फट काही मिलिमीटरचीच असते. जाड जबडा तिथे रेटला की कूर्चेवर ओरखडा उठतो, आणि तो ओरखडा भरून येत नाही. गुडघा फारच आवळ असेल तर १८ गेजच्या सुईने एमसीएल (आतल्या बाजूचे लिगामेंट) थोडे सैल करण्याची पद्धत आहे, पण जाड पंचाची भरपाई म्हणून ती वापरू नये.

किती पंच हवेत? सरळ, वर वळलेला म्हणजे अप-बायटर, डावा आणि उजवा ४५ अंश, आणि बॅक-बायटर. या पाचांत मेनिस्कसची बहुतेक कामे होतात. ९० अंशांचे नंतर घेता येतील. मागच्या हॉर्नसाठी अप-बायटर कॉन्डाइलच्या गोलाईखालून सरकतो, म्हणून सर्वाधिक राबतो तोच आणि लवकर झिजतोही तोच. पैसे कमी असतील तर बाकीचे देशी घ्या, पण अप-बायटर नामांकित कंपनीचा घ्या. एका ब्रँडेड पंचच्या पैशात देशी पंच अनेक येतात हे खरे आहे. पण तुटलेला जबडा शोधण्यात जाणारा टूर्निकेचा (मांडीवर आवळलेल्या रक्त थांबवणाऱ्या पट्ट्याचा) वेळ त्या हिशेबात धरा.

तुटलेच तर पहिले काम पाणी बंद करणे. इनफ्लो, आउटफ्लो, सक्शन, तिन्ही. प्रवाह चालू राहिला की तुकडा गटरमध्ये (सांध्याच्या बाजूच्या खोबणीत), पॉप्लिटियल हायेटसमध्ये (बाहेरच्या मेनिस्कसमागच्या फटीत) किंवा मागच्या कप्प्यात वाहून जातो. स्कोप हलवू नका, गुडघ्याचा कोन बदलू नका, तुकडा पडद्यावर दिसत राहू द्या. सहायकाने दुसऱ्या पोर्टलमधून (सांध्यात जाण्याच्या छेदातून) ग्रास्पर किंवा चुंबक आणावा. तुकडा सरकत असेल तर बाहेरून स्पायनल नीडल घालून तो अडवावा. नजरेआड झाला तर आंधळेपणाने खरवडत बसण्यापेक्षा सी-आर्म (ओटीतले एक्स-रे यंत्र) बोलवावा. म्हणजेच सी-आर्म आणि चुंबकी रिट्रीव्हर हाताशी नसलेल्या ओटीत शंकास्पद पंच टेबलावर असूच नये.

शीथ आणि ऑब्ट्युरेटर

४ मिमीच्या ३० अंशी स्कोपला बाहेरून साधारण ५.५ ते ६ मिमीची शीथ लागते. स्कोप आणि शीथ यांच्यामधली जी गोलाकार फट, तिच्यातूनच पाणी सांध्यात जाते. ‘सगळ्या स्कोपला बसते’ म्हणून विकली जाणारी शीथ बसतेही, पण बसणे आणि जुळणे वेगळे. शीथ किंचित लांब असेल तर पडद्याच्या कडेला काळी चंद्रकोर दिसते. किंचित आखूड असेल तर लेन्स उघडी पडते आणि शेव्हरचा एक फटका स्कोपचे नुकसान करून जातो. लॉकमध्ये खेळ असेल तर स्कोप फिरवताना शीथ मागे राहते आणि तिच्या टोकाचा तिरका काप लेन्सच्या तिरक्या बाजूशी जुळत नाही.

स्टॉपकॉकच्या (शीथवरच्या पाण्याच्या तोटीच्या) आतले भोक बघा. स्वस्त शीथमध्ये बाहेरची नळी ऐसपैस आणि कॉकच्या आतले छिद्र अरुंद असते. पाण्याची ३ लिटरची पिशवी सांध्यापेक्षा १ मीटर उंच टांगली तर प्रवाह थांबलेला असताना सुमारे ७५ मिमी पारा इतका दाब मिळतो. प्रवाह सुरू झाला की त्यातला बराचसा या अरुंद छिद्रात खर्च होतो. मग चित्र लाल धूसर होते, पिशवी आणखी वर चढवली जाते, दोष पंपाला किंवा टूर्निकेला दिला जातो. शीथ हातात धरून कॉक पूर्ण उघडा आणि आरपार बघा. छिद्र नळीइतके मोकळे दिसले पाहिजे.

ऑब्ट्युरेटर बोथटच हवा. काही सेटमध्ये सोबत टोकदार ट्रोकार येतो. तो बाजूला ठेवा. कातडीला ११ नंबरच्या ब्लेडने छेद दिल्यावर कॅप्सूलमधून बोथट ऑब्ट्युरेटर व्यवस्थित जातो. टोकदार ट्रोकार कॅप्सूल ओलांडताना एकदम सुटतो आणि समोर फीमरची कूर्चा असते.

प्रोब, ग्रास्पर आणि इतर

प्रोबबद्दल फार बोलण्यासारखे नाही. टोकाचा हूक ९० अंशांचा, टोक साधारण ३ ते ४ मिमी, कडा गोल केलेल्या, दांड्यावर ५ मिमीच्या खुणा. टोकाची लांबी घरी आणल्यावर कॅलिपरने एकदा मोजून सेटच्या यादीवर लिहून ठेवा. स्कोप जवळ नेला की सगळे मोठे दिसते, आणि फाटलेल्या मेनिस्कसची किंवा कूर्चेच्या खड्ड्याची लांबी ठरवताना प्रोबचे टोक हीच भरवशाची पट्टी असते. मधल्या दांड्याला थोडी लवचीकता असली तरी चालते, टोकाला नको.

ग्रास्परमध्ये रॅचेट (पकड अडकवून ठेवणारा खटका) असलेला एक आणि नसलेला एक असावा. लूज बॉडी (सांध्यात सुटा फिरणारा तुकडा) काढताना रॅचेट लागतो. त्याचे दात खोल आणि दोन्ही जबड्यांवर एकमेकांत बसणारे हवेत, नाहीतर कूर्चेने गुळगुळीत झालेला तुकडा निसटतो. तो बहुधा कॅप्सूलमधून बाहेर ओढताना निसटतो, आणि तिथे दोष नेहमी अवजाराचा नसतो. ओढण्याआधी पोर्टल तुकड्याच्या मापाने वाढवायला हवे, कातडीतच नव्हे तर कॅप्सूलमध्येही. रॅचेट तपासताना पकड बसवून एका अंगठ्याने सोडवून बघा. सोडवायला दोन हात लागत असतील तर तो नग नको.

मेनिस्कस शिवण्याचा विचार असेल तर सुचर कटर वेगळा घ्या. २ नंबरचा अतिबळकट पॉलिथिलीनचा धागा साध्या आर्थ्रोस्कोपिक कात्रीने कापला जात नाही, पिंजला जातो, आणि त्या झटापटीत कात्रीची धारही जाते. चाचणी म्हणजे तोच धागा डीलरसमोर कापून बघणे. सुती दोऱ्यावरची चाचणी इथे काही सांगत नाही.

मायक्रोफ्रॅक्चरच्या (कूर्चा गेलेल्या हाडात बारीक छिद्रे पाडण्याच्या) ऑलचे टोक तेवढे बघा. छिद्रे ३ ते ४ मिमी अंतरावर आणि काही मिलिमीटर खोल पाडायची असतात. टोक बोथट असेल तर ते हाडावरून घसरते आणि दोन छिद्रे एकमेकांत मिसळतात. देशी ऑल मिळतात ते ठीक असतात, फक्त हातोडीने मारताना मान वाकत नाही ना, हे लाकडाच्या ठोकळ्यावर ठोकून आधी बघून घ्या.

एसीएलची अवजारे: इथे कॅलिपर काढाच

या भागातली चूक तुटण्याची नसते, मापाची असते. म्हणून ती डोळ्यांना दिसत नाही आणि पेशंटला मात्र वर्षानुवर्षे सोसावी लागते.

टिबियल जिग, म्हणजे टिबियातल्या टनेलची (ग्राफ्टसाठीच्या बोगद्याची) दिशा धरणारी चौकट, घ्या. टिप-एमर असेल तर बुलेटमधून (पिनेला दिशा देणाऱ्या नळीतून) टाकलेली २.४ मिमीची गाइड पिन टोकाच्या खुणेवर निघाली पाहिजे, एल्बो-एमर असेल तर वळणाच्या खुणेवर. टेबलावर जिग धरून ४५, ५०, ५५, ६० अशा प्रत्येक कोनात बुलेट लॉक करून पिन सरकवा. एका कोनात बरोबर येऊन दुसऱ्या कोनात २ मिमी बाजूला जाणारे जिग बाजारात मिळतात. कमानीची गोलाई आणि बुलेटची रेषा एका केंद्राला धरून कापलेली नसली की असे होते. आणखी एक बघा: लॉकचा स्क्रू घट्ट केल्यावर बुलेट हलते का. ड्रिलच्या कंपनाने ढिला होणारा स्क्रू पिन भलत्याच ठिकाणी नेतो. २ मिमीची चूक म्हणजे ग्राफ्ट नॉचच्या (फीमरच्या दोन कॉन्डाइलमधल्या खाचेच्या) छताला घासणे किंवा गुडघा पूर्ण सरळ न होणे, इथपर्यंत गोष्ट जाऊ शकते.

मग रीमर. ६ पासून ११ पर्यंत अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने वाढणारे, पोकळ, शिवाय फीमरमधून ग्राफ्ट अडकवणारे बटण जाण्यासाठी ४.५ मिमीचा. प्रत्येक रीमरचा व्यास कॅलिपरने मोजा आणि तो सायझिंग ब्लॉकच्या त्याच आकड्याच्या भोकात घालून बघा. ८ चा रीमर ८ च्या भोकात किंचित अडत सरकला पाहिजे. खडखडत गेला तर ब्लॉक मोठा आहे. गेलाच नाही तर दोघांपैकी एक खोटे सांगतो आहे, आणि कुठला ते कॅलिपर सांगेल. ग्राफ्ट ब्लॉकमध्ये मोजायचा आणि टनेल रीमरने पाडायचा असल्याने दोघांचे एकमेकांशी जुळणे हेच सगळ्यात महत्त्वाचे. आमच्या मते हे दोन नग वेगवेगळ्या कारखान्यांतून घेऊच नयेत.

पोकळ रीमरच्या आतले छिद्र २.४ च्या पिनेला नेमके हवे. सैल असेल तर रीमर डुलतो आणि टनेलचे तोंड लंबगोल होते. तंग असेल किंवा आत हाडाचा भुगा साचला असेल तर रीमर पिनेलाच धरतो आणि ड्रिलबरोबर पुढे ढकलत नेतो. टिबियाचा टनेल पाडताना पिनेच्या टोकावर क्युरेट (चमच्यासारखे अवजार) धरून ठेवण्याचे कारण हेच. वाकलेली पिन पुन्हा सरळ करून वापरू नका. सरळ दिसली तरी तिच्यावर रीमर अडकतो आणि ती आतल्या आत तुटू शकते. पिना हा संपणारा माल आहे, सेटबरोबर डझनभर जास्तीच्या मागवा.

ऑफसेट गाइड, म्हणजे फीमरच्या मागच्या कडेपासून पिन ठरावीक अंतरावर धरणारे, ५, ६, ७ मिमीचे येतात. १० मिमी टनेलची त्रिज्या ५ मिमी, त्यामुळे ७ च्या ऑफसेटने मागे २ मिमीची हाडाची भिंत उरते. ५ च्या ऑफसेटने काहीच उरत नाही. गाइडवर कोरलेला आकडा आणि प्रत्यक्ष अंतर एकच आहे ना, हे कॅलिपरने पाच मिनिटांत कळते. एवढे सोपे असून ते क्वचितच तपासले जाते, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते.

टेंडन स्ट्रिपरच्या कडेवरून बोट फिरवा. नवा स्ट्रिपर अनेकदा गरजेपेक्षा धारदार येतो आणि सेमिटेंडिनोसस (ग्राफ्टसाठी काढायचा मांडीमागचा टेंडन) अर्ध्यातच कापला जातो. अर्थात गॅस्ट्रोक्नेमियसकडे (पोटरीच्या स्नायूकडे) जाणारे जोडपट्टे आधी मोकळे केले नाहीत तर बोथट स्ट्रिपरही वाट चुकतोच.

धुणे, आणि जे धुता येत नाही ते

अवजार चांगले की वाईट याचा अर्धा निकाल सीएसएसडीच्या (निर्जंतुकीकरण विभागाच्या) सिंकजवळ लागतो. पोकळ दांड्याच्या पंचला आणि ग्रास्परला फ्लशिंग पोर्ट आहे का, हे घेतानाच बघा. पोर्ट नसेल तर सळई आणि नळी यांच्यामधले रक्त धुण्याचा दुसरा भरवशाचा मार्ग नाही. २००९ साली अमेरिकेत टेक्ससमधल्या ह्यूस्टनच्या एका रुग्णालयात आर्थ्रोस्कोपीनंतर स्यूडोमोनास जिवाणूचा संसर्ग पसरला होता. तपासात धुऊन आलेल्या इनफ्लो-आउटफ्लो कॅन्युलांच्या आणि शेव्हर हँडपीसच्या पोकळीत ऊतींचे अवशेष सापडले. त्याच वर्षी तिथल्या एफडीएनेही (औषधे आणि उपकरणांच्या नियामक संस्थेनेही) शेव्हरच्या पोकळीत राहणाऱ्या ऊतींबद्दल सर्व रुग्णालयांना सावध केले. शेव्हर ब्लेडची आतली नळी तर त्याहून बारीक. ब्लेड एकदाच वापरा, असे आम्ही म्हणतो त्याचे पहिले कारण हे. दुसरे कारण, झिजलेले ब्लेड कापत नाही, आतली नळी बाहेरच्या नळीला घासते आणि धातूची बारीक भुकटी सिनोव्हियममध्ये (सांध्याच्या अस्तरात) सोडते.

धुण्याचा क्रम असा ठेवा: केस संपताच सलाईनमधून बाहेर, कारण क्लोराइड स्टीलला खड्डे पाडते. मग वाहत्या पाण्याखाली, जबडे उघडे, पोर्टमधून सिरिंजने पाणी. मग एन्झाइमच्या द्रावणात, कंपनीने दिलेला वेळ, गरम पाण्यात नव्हे तर कोमट पाण्यात. मऊ ब्रशने बिजागरी. जमल्यास अल्ट्रासोनिक. शेवटचे पाणी आरओचे किंवा डिमिनरलाइज्ड. मराठवाड्यात आणि विदर्भात बऱ्याच ठिकाणी ओटीला बोअरचे जड पाणी येते. त्याचा पांढरा थर बिजागरीत बसला की नवा पंचही अडखळतो आणि ‘माल खराब’ असा शिक्का बसतो. हायपोक्लोराइटमध्ये अवजार बुडवून ठेवणे पूर्ण बंद करा. वंगण पाण्यात विरघळणारे हवे. शिवणयंत्राचे तेल वाफेला अडवते.

जबड्यावर तपकिरी डाग दिसला तर शाळेच्या खोडरबरने घासा. डाग निघून खाली गुळगुळीत धातू लागला तर तो निव्वळ डाग. खाली खड्डा लागला तर तो गंज, आणि त्या खड्ड्यापासूनच पुढे तडा जातो. असा नग सेटमधून काढा.

ऑटोक्लेव्हमध्ये जबडे उघडे, रॅचेट सुटा, स्टॉपकॉक मोकळे. प्री-व्हॅक्यूम यंत्रात १३४ अंशांवर ३ ते ४ मिनिटे पुरतात, पण ज्या उभ्या ऑटोक्लेव्हमध्ये आधी हवा खेचून काढली जात नाही तिथे पोकळ दांड्यातली हवा अडकून राहते आणि वाफ आत पोचत नाही. अशा ओटीने पोकळ अवजारे ईटीओ (वायूच्या) किंवा प्लाझ्मा निर्जंतुकीकरणाला पाठवावीत, तीही यंत्राच्या पुस्तकात दिलेली पोकळीच्या लांबी-रुंदीची मर्यादा बघून. फॉर्मलिनच्या गोळ्यांच्या डब्यावर कुठल्याही पोकळ नगासाठी भरवसा ठेवू नका.

कोटेशन मागवताना एका ओळीचा सेट नाकारा आणि प्रत्येक नगाची वेगळी किंमत मागा. नगावर लॉट क्रमांक कोरलेला असावा. जबड्याच्या स्टीलचा ग्रेड लेखी द्यावा. मेडिकल डिव्हाइसेस रूल्स, २०१७ खालचा उत्पादकाचा क्रमांक बिलावर असावा. पंचची पिन बदलून मिळते का आणि किती दिवसांत, हेही त्याच कागदावर लिहून घ्या. माल आल्यावर वापरण्यापूर्वी एकदा पूर्ण धुवा, कारण कारखान्यातली पॉलिशची पावडर बिजागरीत भरलेली असते, आणि वरच्या सगळ्या चाचण्या धुतल्यानंतर पुन्हा करा. अप-बायटर मात्र पहिल्या ऑर्डरमध्येच दोन मागवा, म्हणजे एक दुरुस्तीला गेला तरी ऑपरेशनची यादी रद्द करावी लागणार नाही.